पट्ट्याला पाडलेलं छिद्र

एल्डर फोर्क, माँटाना
१२ जुलै २००९

प्रिय ऑरिनकाका,

दचकू नका, कोणी गेलेलं नाही. आमच्या घरून पत्र आलं की तुम्हाला आधी तेच वाटेल, कारण नाताळचं कार्ड सोडलं तर आम्ही तुम्हाला लिहीत नाही आणि तुम्ही तर तेही पाठवत नाही. मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा तुम्ही "हं", "बरं", "बघू" एवढं बोलून ठेवलात. म्हणून आता कागद.

मी कॅरा, लायल हॉल्वर्सनची मुलगी. तुम्ही नेब्रास्काला गेलात तेव्हा मी सात वर्षांची होते, पुढचे दोन दात पडलेली. आता सव्वीस वर्षांची आहे आणि सगळे दात आहेत. यंदा पहिल्यांदा धनुष्यबाण घेऊन एल्क हरणांच्या शिकारीला निघालेय. बरोबर वेड नावाचा मुलगा असेल. आमचं लग्न ठरलंय, हे तुम्हाला आईने कळवलं नसणारच.

त्या डोंगरात ग्रिझली अस्वलं आता तुमच्या वेळेपेक्षा जास्त आहेत. तिखटाचा फवारा घेणार आहोतच, पण आईची आणखी एक अट आहे: बाबांचं रिव्हॉल्व्हर बरोबर हवं. "अंगावर. गाडीत नाही," असं म्हणाली आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागली. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर त्या दिवशी तिथेच होतात. बाबा रिव्हॉल्व्हर ट्रकच्या सीटवर विसरले आणि अस्वल आलं तेव्हा त्यांच्या हातात मांस कापायची सुरी तेवढी होती. आई अजून त्यांच्यावर चिडलेली आहे. त्यांचा फोटो कपाटात पालथा असतो. खरं सांगू, मीही चिडते. घरात सात वर्षांची मुलगी असताना माणसाने इतकं वेंधळं असावं?

तर माझा प्रश्न. दुकानात रिव्हॉल्व्हर अंगावर अडकवायची होल्स्टर भिंतभर टांगलीत. कमरेचं, काखेतलं, मांडीवरचं, छातीवरचं. चामड्याचं, प्लास्टिकचं, कापडाचं. विकणाऱ्याने मला बघून गुलाबी काढून दाखवलं. एल्कला भुरळ पाडायची असती तर घेतलं असतं. तुम्ही वीस वर्षं लोकांना त्याच डोंगरात शिकारीला नेलंत आणि आता चामड्यावर पोट भरता. सांगा, कुठलं घेऊ?

खाकी कागदावर रिव्हॉल्व्हर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ ओढली आहे, ती सोबत. चांभार तसंच मागतात, असं आई म्हणाली. हकलबेरीच्या मुरंब्याची एक बाटलीही पाठवतेय. आईला सांगितलेलं नाही.

तुमची,
कॅरा


हॅरो, नेब्रास्का
२४ जुलै

प्रिय कॅरा,

पत्र मिळालं. बाटली फुटली नाही. लग्नाबद्दल आनंद आहे. मला लिहिता येत नाही, त्यामुळे कामाचंच लिहितो.

कमरेचं घेऊ नकोस. सॅकचा पट्टा कमरेला आवळला की होल्स्टर त्याच्याखाली अडकतं. मग रिव्हॉल्व्हर आहे म्हणायचं, काढता येत नाही. काखेतलं घेतलंस तर वरून कोट आणि त्यावर सॅकचे बंद. बटणं सोडेपर्यंत अस्वल थांबत नाही. मांडीवरचं चढावर दर पावलाला आपटतं, दुपारपर्यंत तूच ते काढून फेकशील.

छातीवरचं घे. सॅक असो नसो, हाताशी राहतं. पण बरगड्यांच्या खालच्या बाजूला, तिरकं बसलं पाहिजे. वर बसलं तर धनुष्याची दोरी सोडताना त्याला घासेल आणि बाण भलतीकडे जाईल. दुर्बीण त्याच्या वर लटकू देऊ नकोस. माप कोटावरून घे, शर्टावरून नाही. सप्टेंबरात सकाळी तिथे पाण्यावर बर्फाची साय धरते आणि कोट निघत नाही.

घेतल्यावर गोळ्या काढून ठेव आणि घरीच सराव कर. सॅक पाठीला लाव. उभ्याने काढ, गुडघ्यावर बसून काढ. मग सॅकसकट उताणी पड आणि डाव्या हाताने काढ. उताणं पडून निघत नाही ते होल्स्टर कितीही देखणं असलं तरी परत कर.

कापडाचं घे नाहीतर साच्यातल्या प्लास्टिकचं. चामड्याचं घेऊ नकोस.

हात लावला की वापरायचं, नाही तर अंगावरच ठेवायचं. दुसरी जागा नाही.

आईला नमस्कार सांग. नको, राहू दे.

ऑरिन प्रूइट


एल्डर फोर्क
३ ऑगस्ट

प्रिय ऑरिनकाका,

दिवसभर बुटांना चामड्याचे तळवे ठोकणारा माणूस मला चामडं घेऊ नकोस म्हणतोय! वेड म्हणाला, हलवाई आपल्या दुकानातली मिठाई खात नाही तसं असेल. पण बाकीचं सगळं पत्र मी फ्रिजवर लावलंय. काल दिवाणखान्यात सॅक घालून उताणी पडले होते, तर पोस्टमन दारात. त्याने पत्रं पायरीवर ठेवली आणि काही न विचारता गेला.

आता एक गंमत. आई चर्चच्या कामाला गेली होती तेव्हा मी कोठीतली बाबांची पेटी उघडली. त्यात त्यांचं होल्स्टर सापडलं. छातीवरचंच आहे, चामड्याचं, कडेने पानांची नक्षी. वाळून लाकूड झालंय, पण केवढं सुबक. आत शिक्का आहे, आमच्या गावच्या एम्सचा. तो खोगिरं करतो, पण भाव इतका लावतो की आम्ही त्याला सराफच म्हणतो. तो म्हणाला, आईनेच ते करून घेतलं होतं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला, बाबांच्या शर्टावरून माप घेऊन. आईने हे मला कधी सांगितलं नाही.

पण पट्ट्याला तीन छिद्रं गोल, नीट ओळीत आहेत आणि चौथं अगदी टोकाला, वेडंवाकडं. सुरीने पाडल्यासारखं. तुम्ही कोटावरून माप घे म्हणालात म्हणून मी ते घालून बघितलं. शर्टावर तिसऱ्या छिद्रात बसतं. कोटावर फक्त त्या चौथ्यात.

मग हे कोणी पाडलं? तुम्हाला काही आठवतं का? होल्स्टर ट्रकमध्येच राहिलं असेल तर कोटावर बसवायची वेळ कधी आली?

नक्षी बघून माझा जीव त्यात अडकलाय. तुमचा सल्ला मोडू का?

कॅरा


हॅरो
१० ऑगस्ट

कॅरा,

एम्सनेच पाडलं असेल. जुनी गोष्ट आहे.

चामड्याचं घेऊ नकोस.

ऑरिन


एल्डर फोर्क
२४ ऑगस्ट

प्रिय ऑरिनकाका,

रागावलात का? एवढंसं पत्र. मी सल्ला मोडला, आता आणखी रागवा. एम्सकडून बाबांच्यासारखंच करून घेतलं, नक्षीसकट, माप कोटावरून. आईने बघितलं आणि तोंड फिरवून बागेत गेली. मला वाटलं होतं तिला आवडेल.

एम्सला मी ते चौथं छिद्र दाखवलं. त्याला अपमान वाटला. म्हणाला, "माझा सुंबा गोल छिद्र पाडतो, चाळीस वर्षं. हे कोणीतरी खिशातल्या सुरीने भोसकलंय." असो. बाबांनीच घरी पाडलं असेल, असं मी ठरवून टाकलंय.

आता अडचण सांगते, हसू नका. नवीन चामडं करकरतं. श्वास घेतला की करकर, सोडला की करकर. काल सरावाला गेलो होतो तर वेड म्हणाला, "तुझ्या छातीत जुनं दार बसवलंय का? एल्क हे मैलभरावरून ऐकेल." तेल लावून झालं, मेण लावून झालं. एम्स म्हणतो, एक हंगाम वापरलं की गप्प होईल. पण हंगाम पाच सप्टेंबरला उघडतो. शेवटी वेडने तोडगा काढला: एल्क जवळ आला की होल्स्टर काढून सॅकमध्ये ठेवायचं, बाण लागला की परत घालायचं. दहा-वीस मिनिटांचाच प्रश्न.

चालेल ना? आईला विचारलं नाही. तुम्ही हो म्हणालात की झालं.

कॅरा


हॅरो
२८ ऑगस्ट

कॅरा,

चालणार नाही. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतोय, सोबत एक पुडकं आहे. आधी पत्र वाच. काल तुला फोन केला होता. तू उचललास, मी "हं" म्हणालो आणि ठेवला. तो मीच.

ते छिद्र मी पाडलं.

तुझा बाप रिव्हॉल्व्हर विसरला नव्हता. सकाळी तळावरून निघताना ते त्याच्या छातीवर होतं. माप शर्टाचं असल्यामुळे कोटावर बसेना, म्हणून मी माझ्या सुरीने पट्ट्याला एक छिद्र वाढवून दिलं. ट्रक तळापाशीच होता. तिथून दीड-दोन मैल चढलो. एका एल्क नराची शीळ ऐकू आली, अगदी जवळ, झाडीच्या पलीकडे. लायलने बाण लावला. आणि ते होल्स्टर करकरलं, प्रत्येक श्वासाला. नराने दोनदा कान फिरवले. मी लायलला म्हणालो, काढ ते, सॅकमध्ये टाक. तो नाही म्हणाला. मी परत म्हणालो. तो परत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "बायकोचं कौतुक घरी कर, इथे एल्क मार." तेव्हा त्याने काढलं. आतला लोकरी शर्ट उतरवून त्यात गुंडाळलं, नक्षीला ओरखडा नको म्हणून, आणि सॅकच्या तळाशी ठेवलं. अर्ध्या तासाने त्याचा बाण लागला. इतका सुंदर बाण मी नंतर कोणाचा बघितला नाही.

परत घालायचं तेवढं आम्ही दोघेही विसरलो. एल्क पडल्यावर माणूस खुळा होतो, तुला कळेलच. मांस कापायला घेतलं. खेचर तळावर बांधलेलं होतं, ते आणायला मी निघालो. रिकामं कशाला जायचं म्हणून दोन्ही सॅकमध्ये मांस भरलं. एक पाठीला, एक छातीला. छातीला होती ती लायलची.

ट्रकशी येऊन सॅक उपसल्या तेव्हा तळाशी ते शर्टाचं गाठोडं निघालं. मी ते सीटवर ठेवलं, या हातांनी. आत काय आहे ते मला माहीत होतं. क्षणभर वाटलं, न्यावं वर. मग म्हटलं, तासाभरात खाली येणारच आहोत, कशाला ओझं. माझं स्वतःचं रिव्हॉल्व्हर माझ्या कमरेला होतं, कॅरा. ते मी काढलं नव्हतं. जुनं चामडं होतं, करकरत नव्हतं.

खेचर घेऊन वर पोचायला मला दीड तास लागला. दोनशे पावलांवर खेचर थांबलं आणि पुढे जाईना. पुढचं तुला माहीत आहे, ते तेवढंच राहू दे.

शेरीफने मला विचारलं, "त्याच्याजवळ काही हत्यार नव्हतं?" मी म्हणालो, "ट्रकमध्ये आहे." त्याने वहीत "विसरला" असं लिहिलं. मी त्याला लिहिताना बघत होतो. तो एक शब्द मी खोडायला लावला असता तर झालं असतं. मी गप्प बसलो. मी खोटं बोललो नाही, असं एकोणीस वर्षं मी स्वतःला बजावत आलो. मेलेल्या मित्राला मी वेंधळा ठरू दिलं, कारण माझी लाज वाचत होती. गावात लोक मला धीर द्यायला यायचे, त्याला बोल लावायचे. मी त्यांनी आणलेलं खायचो. मग खाववेना, म्हणून इथे आलो, जिथे डोंगर नाही आणि अस्वल नाही. तुझी मुरंब्याची बाटली अजून उघडलेली नाही.

त्याला पुरलं त्या दिवशी तुझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्याने मुद्दाम ठेवलं का ते?" मला तो प्रश्न कळला नाही, अजून कळलेला नाही. मी म्हणालो, माहीत नाही.

पुडक्यात होल्स्टर आहे. तुझा खाकी कागद जुलैपासून माझ्या कामाच्या मेजावर होता. बाहेरून जाड कापड, आतून लोकर, कड्यांना दोरा गुंडाळलाय. चार दिवस ते मी स्वतः छातीवर घालून बूट ठोकले. श्वास घेतला, वाकलो, जमिनीवर लोळलो. आवाज येत नाही. देखणं नाही. हे घाल आणि एल्क हातचा गेला तरी काढू नकोस.

हे पत्र आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवावंस असं मला वाटतं. मला ते स्वतः जमलं नाही, हेही तिला सांग.

ऑरिन


एल्डर फोर्क
९ सप्टेंबर

ऑरिन,

कॅरा लिहिणार नाही म्हणाली, इतक्यात तरी नाही. पत्र तिने गुरुवारी माझ्यापुढे ठेवलं आणि मी शेवटपर्यंत वाचेस्तोवर उठली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच. शनिवारी डोंगरात गेली, काल परत आली. एल्क मिळाला नाही. तुझं होल्स्टर घालून गेली होती, ते तिने काढलं नाही. एक नर जवळ आला होता आणि त्याने तिला ऐकलं नाही, वारा फिरला म्हणून पळाला, एवढं तुला कळवायला तिने मला सांगितलं. म्हणजे तसं ती लिहितेच आहे.

आपण शाळेत एका बाकावर बसलो आहोत, म्हणून गोड बोलत नाही. तू केलंस ते वाईट केलंस. ते काढायला लावलंस ते नव्हे. ते कोणीही सांगितलं असतं, मीही ते करकरतं म्हणून हसले होते. नंतर गप्प बसलास ते.

तुला माझा प्रश्न कळला नाही म्हणतोस. मग ऐक.

ते मी त्याला न विचारता करून घेतलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दिलं. त्याने घालून बघितलं, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाला, "अर्डिस, हे तर गोठ्याच्या दारासारखं वाजतंय." मला लागलं. तीन महिने मी त्या नक्षीचं चित्र काढत होते. मी म्हणाले, "मग नको घालूस." तो समजूत काढायला आला तर मी पाठ केली. पहाटे तो निघाला तेव्हा जागी होते आणि झोपल्याचं सोंग केलं.

मग शेरीफने मला सांगितलं, ट्रकच्या सीटवर होतं. शर्टात गुंडाळलेलं.

आता कळलं? मला कधीच वाटलं नाही की तो विसरला. लायल कधी काही विसरत नसे. मला वाटलं, मी नको घालूस म्हणाले म्हणून त्याने घातलं नाही. मी म्हणाले म्हणून तो गेला. तो विसरला असं गाव म्हणायचं तेव्हा मीही त्यांच्यात म्हणायचे, मोठ्याने, पोरीसमोरसुद्धा, कारण दुसरं बोलता येत नव्हतं. फोटो मी रागाने पालथा केला नाही, ऑरिन. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

माफीचं नंतर बघू. माझ्यात आत्ता ती नाही आणि असल्याचं सोंग मी करणार नाही. सोंग एकदा केलंय.

मला एकच सांग. तुझ्या पत्रात आहे, पण मला माझ्या नावाने लिहिलेलं हवंय. तळावरून निघताना ते त्याने आपणहून घातलं होतं का? आणि काही म्हणाला होता का?

अर्डिस


हॅरो, नेब्रास्का
१४ सप्टेंबर

अर्डिस,

हो. आपणहून घातलं होतं.

मी अजून कॉफी ओतत होतो, तेव्हा तो कोट चढवून पट्ट्याशी झटापट करत होता. मी म्हणालो, बसत नाही तर राहू दे, माझं जुनं देतो. तर म्हणाला, "हेच घालणार. छिद्र पाडून दे." मी छिद्र पाडताना माझ्या हाताकडे बघत उभा होता, नक्षी कापशील म्हणून. मग घातलं, दोनदा श्वास घेतला आणि हसला. म्हणाला, "वाजतंय, पण बसतंय झकास. तिची मी काल उगीच थट्टा केली. घरी गेलो की आधी हे सांगणार आहे."

हे तुला सांगायचं माझ्याकडे राहिलं होतं.

ऑरिन